पडद्यावर राबणारी माणसं कुठं आहेत?

सिनेमा असो की मालिका, माझा पहिला प्रश्न एकच असतो. ह्या माणसाचं पोट कशावर चालतं? ते नुसतं संवादात सांगून भागत नाही, पडद्यावर दिसावं लागतं. नायक शेतकरी असेल तर पेरणीच्या दिवसांतली त्याची घालमेल दिसू द्या. वकील असेल तर तारखांवर तारखा पडताना दिसू द्या. बाई घर चालवत असेल तर महिनाअखेरीला तिचे डबे तळाला गेलेले दिसू द्या. एवढं दिसलं की पुढचं प्रेम, भांडण, सूड सगळं मला पटतं. हे दिसलं नाही तर कितीही मोठा नट असला तरी माझं मन लागत नाही.

मी सेलूत केबल चालवतो. सेलू म्हणजे परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वायर ओढण्यापासून वसुलीपर्यंत सगळं मीच बघतो, त्यामुळं संध्याकाळी सात ते दहा कुणाच्या घरात काय लागलेलं असतं ते मला उंबऱ्यावरूनच कळतं. चॅनेल गेलं की पहिला फोन मला येतो, आणि तो किती तातडीनं आला त्यावरून लोकांचा जीव कशात अडकलाय हेही समजतं. गेल्या दोन-तीन वर्षांत जे गाजलं, त्यातलं बहुतेक मी पाहिलं. काही घरी पाहिलं, काही दुसऱ्यांच्या घरी उभ्या-उभ्या, आणि जे मोठ्या पडद्यावरच पाहायचं होतं त्यासाठी रेल्वेनं छत्रपती संभाजीनगर गाठलं.

'पाणी'पासून सुरुवात करतो, कारण ती आमच्या भागातली गोष्ट आहे. आदिनाथ कोठारे यांनी तो दिग्दर्शित केला आणि मुख्य भूमिकाही त्यांनीच केली. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात नागदरवाडी नावाचं गाव आहे, तिथल्या हनुमंत केंद्रे यांच्या आयुष्यावर हा सिनेमा बेतलाय. गावात पाणी नाही म्हणून गावच्या पोरांना कुणी पोरी देत नाही. हनुमंतचंही लग्न त्यापायीच अडतं, आणि मग तो गावात पाणी आणायच्या मागं लागतो. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत ह्या सिनेमाला पर्यावरण संवर्धनासाठीचा पुरस्कार मिळाला. थिएटरात तो लागला १८ ऑक्टोबर २०२४ ला. पाच वर्षं! असा सिनेमा इतके दिवस डब्यात पडून राहतो ह्याचं मला वाईट वाटतं. मधल्या काळात आमच्याकडं किती उन्हाळे आले आणि गेले.

ज्यानं ही गोष्ट निवडली त्याला मराठवाडा कळलाय. आमच्याकडं सोयरीक जुळवताना पोराची जमीन किती हे विचारतात आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, बोअरला पाणी किती? टँकरवर जगणाऱ्या गावात लेक द्यायला बाप धजत नाही, कारण हंडा तिच्याच डोक्यावर येणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा ती 'जलदूत' गाडी साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिली. मीही पाहिली, दिवसभर तीच बातमी चालू होती. पण अडलेलं लग्न काही त्या बातम्यांत मला दिसलं नाही. दुष्काळ म्हटलं की भेगाळलेली जमीन आणि बरगड्या दिसणारं जनावर, ह्या दोन चित्रांपलीकडं कॅमेरा जात नाही. 'पाणी'नं तो दुष्काळ थेट बैठकीत आणला, जिथं पाहुणे चहा पिऊन उठतात आणि पुन्हा निरोप पाठवत नाहीत. ते नाकारलं जाणं ज्यानं सोसलंय त्याला हा सिनेमा पाहताना घशाशी येतं. ऋचा वैद्यची सुवर्णा मला फार आवडली. तिनं नायकाच्या मागं मागं फिरणारी नायिका केली नाही. तिला स्वतःचं मत आहे आणि वाट पाहण्याचं बळही आहे. किशोर कदम, सुबोध भावे वाट्याला आलेल्या जागेत नेहमीप्रमाणं चोख.

एक तक्रार आहे, आणि ती प्रेमापोटीच आहे. पाणी अडवायचं काम मला अजून जवळून पाहायचं होतं. पाणलोटाचं काम माथा ते पायथा करत यावं लागतं. आधी डोंगरावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीत खोदलेले चर, मग शेताची बांधबंदिस्ती आणि शेवटी नाल्यावरचे बंधारे. वरचं काम सोडून कुणी आधी खाली बंधारा घातला तर थोड्याच पावसाळ्यांत तो गाळानं भरून जातो. ह्या कामातली माणसं म्हणतात, पळणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबायला लावा आणि थांबलेल्याला मुरायला लावा. ह्या एका वाक्यात अख्ख्या सिनेमाचं नाट्य आहे. चर कुठल्या रेषेत खोदायचा ह्यावरून गावात केवढा वाद होतो! माझ्याच शेतातून कामून म्हणून माणूस आडवा पडतो, भावकी जागी होते, जुनी बांधाची भांडणं वर येतात. सिनेमात गाव जरा लवकर एक होतं असं मला वाटलं. खरं गाव इतक्या लवकर एक होत नाही, आणि ते कसं झालं हे पाहायला मी आणखी अर्धा तास आनंदानं बसलो असतो. तरीही मराठवाड्यातल्या प्रत्येक घरानं 'पाणी' पाहावाच, आणि ज्यांच्या घरी लग्नाचा पोरगा आहे त्यांनी तर सहकुटुंब पाहावा.

आता मालिकांबद्दल. माझा धंदा मालिकांवर चालतो, त्यामुळं मी त्यांना नावं ठेवणार नाही असं काहींना वाटेल. पण ज्यांच्या घरी मी पैसे मागायला जातो त्यांना बरं काहीतरी पाहायला मिळावं, एवढी माझी इच्छा आहे.

माझ्या एका गिऱ्हाईक मावशी ब्लाउज शिवतात. एकट्याच असतात. शिलाई मशीन त्यांनी अशी लावलीय की मान न वळवता टीव्ही दिसावा. सेट टॉप बॉक्सची वायर सैल झाली होती म्हणून मी गेलो तेव्हा त्यांची मालिका चालू होती. पाय मशीनवर, डोळे पडद्यावर, आणि हात आपोआप कापड सरकवत होते. नायिका दमून सोफ्यावर बसली आणि कपाळाला हात लावला. मावशींनी मशीन थांबवली. मला म्हणाल्या, "भाऊ, ह्या बाईनं वर्ष झालं एक ताट घासलं नाही, अन् म्हनती मी थकले." मग पुन्हा मशीन चालू केली. त्यांना मालिका आवडते, उद्याही त्या तीच लावणार आहेत. पण रोज रात्री दमणाऱ्या बाईला पडद्यावरचा थकवा खोटा आहे हे एका नजरेत कळतं. चॅनेलवाल्यांनी हे ऐकायला पाहिजे.

'आई कुठे काय करते' सुरू झाली २०१९ च्या डिसेंबरात, संपली २०२४ च्या नोव्हेंबरात. मूळ बंगाली 'श्रीमोयी', हिंदीतली 'अनुपमा'सुद्धा त्यावरूनच आलेली. ही मालिका आमच्या गल्लीतल्या बायकांनी स्वतःची मानली, आणि त्याला कारण होतं. सुरुवातीच्या भागांत अरुंधतीचं काम दिसायचं. कुणाचा डबा, कुणाच्या गोळ्या, कुणाचा चहा बिनसाखरेचा. मधुराणी प्रभुलकर ते करताना कधी अभिनय करतेय असं वाटायचं नाही. एवढं करून नवरा तिला जेव्हा काही समजत नाही, तेव्हा पाहणाऱ्या बाईचा हातातला घास थांबायचा. पुढं पुढं मालिका लांबत गेली. अरुंधतीचं काम मागं पडलं आणि कोण कुणाशी लग्न करणार एवढंच उरलं. दोन वर्षांत ती संपवली असती तर आजही लोकांनी ती आदरानं आठवली असती असं माझं स्पष्ट मत आहे.

'ठरलं तर मग' २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि आमच्या भागात तिनं रात्रीचा सगळा वेळ व्यापला. जुई गडकरीवर लोकांचं खरं प्रेम आहे आणि तिनं ते कमावलंय. डोळ्यांत पाणी आणताना ती आवाज वाढवत नाही. अमित भानुशालीचा अर्जुन वकील आहे, तो मला माणूस म्हणून आवडतो, पण वकील म्हणून अजिबात पटत नाही. परभणीच्या कोर्टात शेताच्या वादापायी ज्यांच्या चपला झिजल्या त्या माणसांच्या घरी ही मालिका चालते. त्यांना माहीत असतं की वकील पक्षकाराला व्हरांड्यात उभं करतो, तारीख मिळते, गाडीभाडं जातं आणि माणूस परत येतो. त्या व्हरांड्यात केवढ्या कथा आहेत! मालिकेत मात्र कोर्ट म्हणजे मोठ्यानं बोलायची जागा. निरपराध माणूस तुरुंगात अडकलाय ही कल्पना चांगली होती. तिला खऱ्या कोर्टाचा संथपणा दिला असता तर मालिका लांबल्याचं कुणाला खटकलंच नसतं, कारण खटले खरंच तेवढे लांबतात.

गावाकडची म्हणून जी मालिका येते तिच्यातलं गाव बहुतेक वेळा सातारा-कोल्हापूरकडचं असतं. तिथली भाषा गोड आहे, माझी काही तक्रार नाही. पण आमच्याकडच्या पोरांना गावची भाषा म्हणजे तीच असं वाटायला लागलंय. लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' एकट्यानं रंगवलं तेव्हा आमच्या बोलीवर सगळा महाराष्ट्र हसला आणि रडलाही. पुढं मकरंद अनासपुरेंनी ती सिनेमात नेली. संदीप पाठक तर आमच्या माजलगावचे, तेच 'वऱ्हाड' आता ते करतात. एवढा वारसा असताना रोजच्या मालिकेत मराठवाड्यातलं एक घर त्याच्या बोलीसकट दिसू नये, हे मला लागतं. भाषा कामाबरोबर येते. कापूस वेचणारी बाई कशी बोलते, मोंढ्यात तोलाई करणारा कसा बोलतो, हे त्यांचं काम दाखवल्याशिवाय कळणार कसं?

'महाराष्ट्राची हास्यजत्रा'ला मी मनापासून दाद देतो. २०१८ पासून ती चालू आहे आणि आजही घरातल्या सगळ्या पिढ्या एकत्र बसून बघतात असा कार्यक्रम माझ्या भागात दुसरा नाही. समीर चौघुलेंचं शरीर बोलतं. नम्रता संभेराव स्टेजवर आली की ती कुठल्या गल्लीतली, कुणाची कोण, हे एका वाक्यात कळतं. एका बाबतीत मात्र सुधारणा पाहिजे. विनोद संपायच्या आधीच हसणाऱ्यांचे चेहरे इतक्यांदा दाखवतात की नटाच्या चेहऱ्यावरचा पुढचा क्षण हुकतो. आम्हाला हसायचं कधी ते कळतं. कॅमेरा नटावरच राहू द्या.

'बिग बॉस मराठी'चा पाचवा सीझन, २०२४ चा, माझ्या केबलवर प्रचंड चालला. सूत्रसंचालन रितेश देशमुखांकडं आलं, बाभळगावचा माणूस म्हणून आमच्याकडं त्याचं कौतुक होणारच. त्यांच्या बोलण्यातला अदब मला आवडला, रागावतानाही समोरच्याचा मान राखायचे. निक्की तांबोळी संभाजीनगरची, तिच्यावरून घरोघर वाद. सूरज चव्हाण जिंकला त्या रात्री माझ्या गल्लीत फटाके वाजले. त्या पोराला बोलता येत नाही, डावपेच येत नाहीत असं म्हणायचे, पण लोकांनी त्याच्यात गरिबीत वाढलेला आपला पोरगा पाहिला. ते मी समजू शकतो. मला खेळ म्हणून तो सीझन अर्ध्यातच कंटाळवाणा झाला. माणसांना घरात कोंडायचं आणि कामाऐवजी भांडायला लावायचं, ह्यात मला रस वाटत नाही. घरातली भांडी घासायची पाळी कुणाची, ह्यावरून जी भांडणं व्हायची तेवढी मात्र खरी वाटायची.

'छावा'बद्दल लिहिताना जपून लिहावं लागतं, पण मत सांगतोच. १४ फेब्रुवारी २०२५ ला तो लागला आणि आमच्या गल्लीतली पोरं जीप करून बघायला गेली. मीही गेलो. शेवटचा भाग मला सहन झाला नाही, डोळे पुसत बाहेर आलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. विकी कौशलनं जीव ओतलाय. साखळदंडात बांधलेले महाराज आणि कवी कलश एकमेकांना कवितेत उत्तर देतात ते दृश्य सगळ्या सिनेमात उंच आहे, आणि विनीत कुमार सिंगचा त्यातला वाटा लोकांनी पुरेसा ओळखला नाही. अक्षय खन्नाचा औरंगजेब कमी बोलतो, म्हणूनच भीती वाटते.

पण संभाजी महाराज म्हणजे फक्त तलवार नव्हे. संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणारा राजा, चारी बाजूंनी शत्रू असताना जवळपास नऊ वर्षं राज्य चालवणारा राजा. ते चालवणं मला पाहायचं होतं. गडावर धान्य कसं पोचायचं, मोहिमेला पैसा कुठून यायचा, सारा वसूल करणाऱ्याला महाराज काय ताकीद द्यायचे, येसूबाई कारभार कसा सांभाळायच्या? सिनेमात लढाईमागून लढाई येते आणि राजाचं राजेपण मध्ये श्वास घ्यायला थांबत नाही. येसूबाईंना तर ओवाळणं आणि वाट पाहणं ह्यापलीकडं फारसं काही दिलं नाही. इतिहासात त्या कारभारी होत्या. पुढं मोगलांच्या कैदेत त्यांनी अनेक वर्षं काढली. रश्मिका मंदानाला दोष देऊन उपयोग नाही, लिहिणाऱ्यानंच हात आखडता घेतला. संगीत ए. आर. रहमान यांचं आहे. एरवी मी त्यांचा भक्त, पण इथं मला मातीचा वास आला नाही. डफ आणि तुणतुणं कानावर पडावं अशी माझी अपेक्षा होती.

सिनेमानंतर खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून महाराष्ट्रात जे तापलं ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या भागातली माणसं तिथून जाता-येता ती कबर पाहत आलीत. साधी, मातीनं भरलेली, वर छत नसलेली. ज्यानं आपल्या आयुष्याची शेवटची पंचवीसेक वर्षं दख्खन जिंकण्यात घालवली तो बादशहा इथंच मातीत गेला, दिल्लीला परत जाऊ शकला नाही. ती कबर हीच मराठ्यांच्या झुंजीची साक्ष आहे असं मी मानतो, आणि ती राहू द्यावी असंही माझं मत आहे. घरात ह्यावरून माझ्याशी वाद घालणारे आहेत.

हिंदीतली 'पंचायत' ही वेबमालिका मी पुन्हा पुन्हा पाहतो. गाव फुलेरा, उत्तर प्रदेशातलं. पहिला सीझन २०२० चा, आणि आजही तोच सगळ्यात चांगला. त्यात ग्रामपंचायतीच्या सचिवाचं काम दिसतं. सौर दिवे कुणाच्या दारात लावायचे, चाकाची खुर्ची कुणी वापरायची, कार्यालयातला मॉनिटर चोरीला गेला तर जबाबदार कोण. रघुबीर यादव, नीना गुप्ता, फैसल मलिक, चंदन रॉय, एकाचंही नाव वगळता येत नाही. बायको प्रधान, म्हणजे आपल्याकडची सरपंच, आणि कारभार नवऱ्याच्या हातात, हे आमच्याकडंही गावोगाव आहे. महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, तरी सरपंचाच्या खुर्चीवर नवराच बसलेला दिसतो. २०२५ चा चौथा सीझन, लौकी विरुद्ध प्रेशर कुकर, मला हलका वाटला. सगळं निवडणुकीत गेलं आणि ग्रामपंचायतीचं काम मात्र गायब झालं. आमच्या एखाद्या ग्रामसेवकावर मराठीत असं काही कुणी करावं. तीन-तीन गावांचा पदभार, घरपट्टीची वसुली, विहिरीच्या अनुदानाची फाईल, वर ग्रामसभेत शिव्या. साहित्य तयार आहे, उचलणारा पाहिजे.

राजस्थानातल्या कोट्याच्या शिकवण्यांवरची 'कोटा फॅक्टरी' कृष्णधवल ठेवली हे धाडस मला आवडलं. पोरांच्या त्या दिवसांना रंग नसतोच. पण कोट्याची गोष्ट देशानं पाहिली आणि लातूरची कुणी सांगितली नाही. लातूर पॅटर्नच्या नावावर आमच्या गावागावांतून पोरं तिथं जातात. बाप सोयाबीन विकून फी भरतो, आई मेसचा डबा पुरेल का ह्या काळजीत असते, आणि पोरगं दहा बाय दहाच्या खोलीत नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची, पुस्तकं उशाला घेऊन झोपतं. ट्यूशन एरियात संध्याकाळी उभं राहिलं तर तिन्ही बाजूंनी पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं येताना दिसतात. तिथली चहाची टपरी, झेरॉक्सचं दुकान, घरमालकीण, सगळे त्या पोरांवर जगतात. इतकं ठसठशीत काम आणि इतकी काळजी एका जागी असताना मराठी वेबमालिकावाल्यांना ती जागा दिसत कशी नाही?

'सैयारा'त पोरं रडली, गाणी चांगली होती, पुढं काही नाही. 'पुष्पा २' हिंदीत पाहिला, श्रेयस तळपदेंच्या आवाजासाठी.

'दशावतार' मात्र मोठ्या पडद्यावर पाहिला ते बरं झालं. २०२५ च्या सप्टेंबरात तो आला तेव्हा मराठवाड्यात अतिवृष्टीनं शेतं वाहून जात होती, सिनेमाला जायचं मन नव्हतं. नंतर गेलो. दिलीप प्रभावळकर ८१ व्या वर्षी ज्या ताकदीनं उभे राहिलेत ते पाहून मी थक्क झालो. कोकणातल्या दशावतारी नाटकांत आयुष्य घालवलेला, नजर अधू झालेला बाबुली मेस्त्री. तो तोंडाला रंग लावतो तेव्हाची त्याची बोटं पाहा. नजर साथ देत नाही, पण बोटांना चेहरा पाठ आहे. हे मी म्हणतो ते काम! त्या एका दृश्यात त्याची चाळीस-पन्नास वर्षं दिसतात. कोकण माझं नाही, ती बोलीही मला अर्धीच कळते, तरी तो माणूस मला पूर्ण कळला. मध्यंतरानंतर सिनेमा सुडाकडं वळतो आणि गोष्टी सोप्या होत जातात. दुष्ट माणसं फारच दुष्ट, पोलिस सोयीनं हुशार. पहिला भाग मात्र शंभर नंबरी.

आणि गेल्या काही वर्षांतला माझा सगळ्यात आवडता मराठी सिनेमा, 'आता थांबायचं नाय'. १ मे २०२५, कामगार दिनाला लागला. मुंबई महापालिकेतली चतुर्थ श्रेणीतली माणसं रात्रशाळेत जाऊन दहावी देतात, अशी सत्यघटनेवरची गोष्ट. शिवराज वायचळ यांचं दिग्दर्शन. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव ह्या दोघांना आपण इतकी वर्षं हसवायला वापरलं, पण त्यांच्यात काय आहे ते इथं कळतं. सफाईचं काम करून आलेला माणूस पुस्तक हातात घेतो तेव्हा त्याला आधी हात धुवावेसे वाटतात, ह्यातलं दुःख आणि आदर दोन्ही सिनेमानं ओळखलंय. आशुतोष गोवारीकरांनी अधिकारी असा केलाय की त्याच्या खुर्चीचा माज कुठंही दिसत नाही. ओम भुतकरच्या शिक्षकाला वर्ग कसा सांभाळायचा ते माहीत आहे. थोडा गोड आहे सिनेमा, अडचणी वेळेवर सुटतात, कबूल. पण हा गोडवा त्या माणसांनी कष्टानं मिळवलेला आहे, त्यामुळं तो मला खपतो. आमच्या नगरपरिषदेच्या सफाई कामगारांच्या वस्तीत मी कनेक्शन देतो. टीव्हीवर हा सिनेमा लागला त्या दिवशी तिथून एकही फोन आला नाही. सगळे बघत बसले होते.

'नाच गं घुमा'ही त्याच कारणानं चांगला. घरकाम करणारी बाई आणि तिच्या जिवावर नोकरीला जाणारी बाई, नम्रता संभेराव आणि मुक्ता बर्वे. कुणाच्या कामावर कुणाचं घर उभं आहे ते हसत-खेळत दाखवलं. 'बाईपण भारी देवा'ला २०२३ मध्ये बायका घोळक्यानं गेल्या, नऊवारी नेसून, गॉगल लावून. मंगळागौरीच्या निमित्तानं सहा बहिणी एकत्र येतात. सिनेमा म्हणून मला तो मध्यम वाटला, पण आमच्याकडच्या ज्या बायका कधी थिएटरची पायरी चढल्या नव्हत्या त्या त्याच्यामुळं चढल्या, हे त्याचं मोठं काम.

आता एक मागणी, चॅनेलवाल्यांसाठी आणि लिहिणाऱ्यांसाठी. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातून दसरा झाला की ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, घरी राहिलेले म्हातारे आणि कुलूप लागलेली अर्धी वस्ती. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्याच्या कडेला कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात, पहाटेच्या थंडीत तोड सुरू होते, पोरांची शाळा बुडते, आणि हंगाम संपून पट्टा पडला की हिशोबाला बसल्यावर उचल फिटलेली नसते. सहा महिने चालणारं हे काम, त्यात सासू आहे, सून आहे, लग्नं आहेत, भांडणं आहेत, मालिकेला लागतं ते सगळं आहे. रोजच्या मालिकेत हे घर मी अजून पाहिलेलं नाही. करा ना कुणीतरी. बोली शिकवायला माजलगाव, केज, पाटोद्याची माणसं घ्या. नायिकेच्या हातात कोयता द्या आणि तो तिला धरता येतो की नाही हे आधी बघून घ्या. आणि वेळ साडेसात-आठची ठेवा. त्यानंतर आमच्याकडची राबणारी माणसं झोपतात, तेव्हा लावली तर ज्यांची गोष्ट आहे त्यांनाच ती पाहायला मिळणार नाही.